देपालपूरचा टीका

मल्हारगंजात दौलतराव फणसे यांना न ओळखणारा माणूस भेटला, तर खुशाल समजावं की तो कालच राहायला आला आहे किंवा त्याचं अजून लग्न व्हायचं आहे. त्या भागातला नवरदेव घोडीवर चढायचा तो दौलतरावांच्या हातचा साफा बांधूनच. पुण्याकडे ज्याला फेटा म्हणतात त्याला इंदुरात साफा म्हणतात, आणि दौलतरावांच्या मते दोन्हींत फरक एवढाच, की फेटा बांधतात आणि साफा चढतो.

पणजोबा होळकरांच्या पागेत शिलेदार होते. आजोबांनी घोडा विकला, वडील कापडाच्या गिरणीत लागले आणि गिरणी बंद पडल्यावर घरात कापडच उरलं. दौलतरावांच्या वाट्याला घोडा आला नाही, पण घोडीवर बसणाऱ्यांची डोकी मात्र आयुष्यभर आली. डावा तळवा डोक्यावर ठेवून कापडाचं टोक दाबायचं, ‘आता डोकं माझं, मान फक्त तुमची’ असं म्हणायचं आणि उजव्या हातानं नऊ मीटर कापड फिरवत न्यायचं. डावा हात अखेरपर्यंत हलायचा नाही. टाचणी लावणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. ‘पिन लावणारा साफा बांधत नाही, टोपी शिवतो,’ असं ते भर मांडवात, दुसरा साफेवाला समोर असताना म्हणत. स्वभाव असा असल्यामुळे मित्र बेताचे होते, पण गिऱ्हाईक कधी तुटलं नाही.

करोना आला आणि लग्नं बसली. साफ्यांचे गठ्ठे डांबराच्या गोळ्यांसह कपाटात गेले. रिकामा सुतार किवाड तासतो म्हणतात. दौलतरावांनी सगळं मल्हारगंज तासायला घेतलं. खिडकीत उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला दरडावत, “अरे भिया, नाक के ऊपर! मास्क हनुवटीला सर्दी होऊ नये म्हणून नाही दिला!” उरलेल्या बांधणीच्या कापडाचे मास्क त्यांनी शिवून घेतले आणि सदऱ्याच्या रंगाला जुळणारा रोज वेगळा लावला. भाजी त्यांनी लाल औषधाच्या, म्हणजे परमँगनेटच्या, पाण्यात इतकी बुडवली, की एकदा कोथिंबीर जांभळी झाली. काढा असा करत की पिणाऱ्याला आजार बरा वाटावा. गल्लीतले लोक त्यांना ‘कलेक्टर साहेब’ म्हणू लागले. ते चिडवत होते हे दौलतरावांना समजलं नाही, किंवा समजूनही आवडलं.

मग लस आली आणि कलेक्टर साहेब एकाएकी गप्प झाले.

“आधी म्हाताऱ्यांचं होऊ द्या,” ते म्हणाले. स्वतः साठी ओलांडलेले होते, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. म्हाताऱ्यांचं झालं, तेव्हा त्यांचं ब्लडप्रेशर वर गेलं. ब्लडप्रेशर उतरलं, तेव्हा त्यांना पागेतले पणजोबा आठवले. “आमच्या खानदानात वार छातीवर घ्यायची रीत आहे, दंडावर नाही,” असं त्यांनी किराणा दुकानात सर्वांदेखत सांगितलं. लोकांना ते विधान भारदस्त वाटलं. दोघांनी तर त्याच्या जोरावर आपलाही नंबर पुढे ढकलला.

खरी गोष्ट एवढीच होती, की दौलतराव सुईला भीत. साधं भीत नव्हते, लहान मूल अंधाराला भितं तसे भीत. शाळेत एकदा टोचायला आले होते, तर हा शिलेदाराचा पणतू खिडकीतून उडी मारून पळाला आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमध्ये, म्हणजे होळकरांच्या दगडी समाध्यांत, एका खांबामागे दडून बसला. वडिलांनी शोधून काढलं, घरी आणलं आणि ही गोष्ट पोटात ठेवली. दौलतरावांनी तर बायकोलाही कधी सांगितली नाही.

एरवी हे लपून राहिलं असतं. पण बायकोला, इंदिराबाईंना, दमा होता. एप्रिलमध्ये, जेव्हा शहरभर रुग्णवाहिकांचे भोंगे वाजत होते, एका दुपारी त्यांना अशी धाप लागली की दौलतरावांच्या पायांखालची जमीन सरकली. पंप हातात घेऊन ते शेजारी बसले आणि तिचा एकेक श्वास ऐकत राहिले. तो करोना नव्हता. संध्याकाळपर्यंत सगळं शांत झालं. पण डॉक्टरांनी फोनवर लसीबद्दल बजावलं, “दोघंही टीका लावून घ्या, आणि वहिनींचा तर बिलकुल टाळू नका.”

ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा इंदिराबाईंनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, “यांनी लावल्याशिवाय मी नाही लावणार. जे व्हायचं ते दोघांचं सोबत होऊ दे.”

बायका गहिवरल्या. एकीनं तर डोळ्यांना पदर लावला. आत पंख्याखाली बसलेले दौलतराव मात्र ओट्यावरून दिसू नये म्हणून कपाटाआड सरकले. आपल्या भित्रेपणापायी इंदूचा जीव टांगणीला लागला आहे हे त्यांना पक्कं कळत होतं, आणि कळूनही पाऊल उचलत नव्हतं. याहून मोठी शिक्षा माणसाला नसावी. ते सकाळी लसीच्या केंद्राकडे निघत, वाटेत जिलबी घेत आणि “डोस खतम” म्हणत परत येत. एकदा तर आत ढीगभर डोस होते आणि बाहेर रांगही नव्हती, तरी ते खतमच झाले.

इंदिराबाई जिलबी खात आणि म्हणत, “राहू द्या. कल देखेंगे.”

जूनमध्ये शहर उघडलं आणि एका सकाळी देपालपूरकडून फोन आला. फोनवर भेरूसिंग पटेल होते. देपालपुराजवळच्या एका गावचे हे पटेल, म्हणजे आपल्याकडचे पाटील, तालेवार माणूस. थोरल्याच्या लग्नात दौलतरावांनी पाऊणशे साफे बांधले होते आणि धाकट्या विक्रमच्या वेळी पुन्हा बोलवायचा शब्द पटेलांनी दिला होता. लाइन खरखरत होती. पटेल मळ्यात उभे असावेत. मध्येच ट्रॅक्टर धडधडला, मध्येच कुणीतरी म्हैस हाकलली, आणि त्या सगळ्यातून दौलतरावांच्या कानी एवढंच आलं: “परसों टीको हे, धरमशाला में. तम जरूर आवजो, भिया!”

आता टीका हा शब्द बघा. मराठी माणूस टीका करतो तेव्हा तो दुसऱ्याला नावं ठेवतो. हिंदीत टीका लावतात तेव्हा लस टोचतात. आणि माळव्यातल्या पटेलांच्या घरी टीका असतो तेव्हा मुलीकडचे येऊन नवरदेवाच्या कपाळी कुंकू लावतात, सोयरीक पक्की होते आणि झाडून सगळ्या पाहुण्यांना साफे बांधतात. दौलतरावांना मराठीतली टीका चांगली येत होती. हिंदीतला टीका ऐकायचा नव्हता. त्यांनी माळव्यातला ऐकला.

“इंदू! विक्रमचा टीका आहे!” फोन ठेवताच ते ओरडले. “काम आलं! दीड साल बाद काम आलं!”

कपाट उघडलं. डांबराच्या वासानं घर भरलं. लहरिया, बांधणी, केशरी, गुलाबी असे सगळे गठ्ठे उन्हात पडले. इंदिराबाईंनी एकेक झटकून दिला आणि स्वतः लांब उभ्या राहिल्या, धूळ सोसत नव्हती म्हणून. कितीतरी महिन्यांनी दौलतराव शीळ घालत होते. ते ऐकून त्याही खूश झाल्या.

ठरल्या दिवशी पांढरा अंगरखा, गुलाबी साफा आणि त्याच कापडाचा मास्क असा थाट करून दौलतरावांनी स्कूटरला मागेपुढे गठ्ठे बांधले आणि देपालपूरचा रस्ता धरला. धर्मशाळेसमोर पोचले तेव्हा कडुनिंबाखाली माणसं बसलेली दिसली. त्यांना जरा खटकलं. टीक्याचं घर आणि ढोल नाही? गुळाचा वास नाही? विक्रम तर बनियनवर उभा होता. मग त्यांची नजर दारावरच्या कापडी फलकाकडे गेली. त्यावर दंडात सुई टोचून घेणारा एक हसरा माणूस काढला होता.

दौलतरावांनी फलकाकडे पाठ केली. त्यांनी स्कूटर वळवायला घेतली, पण गठ्ठ्यांमुळे ती वळेना आणि तेवढ्यात पटेलांनी हँडल धरलं.

“आइग्या! म्हने कियो थो नी, दौलतरावजी आवेगा!” पटेल गावाकडे बघून गरजले. मग हळूच म्हणाले, “शहर में लाइन हे, यां सब खाली हे. तम लगई लो, तमके देखके दो-चार और लगई लेगा. कोई माने ई नी.”

गाव खरंच मानत नव्हतं. सोयाबीनच्या पेरणीचे दिवस. सुई घेतली की ताप येतो, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. “बुखार आइग्यो तो बोवणी कुण करेगा?” असा रोकडा सवाल होता आणि त्याला फलकावरच्या हसऱ्या माणसाकडे उत्तर नव्हतं. मग वर अफवा होत्या. कुणाच्या मेहुण्याच्या गावी काय झालं, कुणाच्या फोनवर काय आलं. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता आणि सगळे मिळून पटेलांकडे बघत होते.

“आणि तुम्ही लावला का?” दौलतरावांनी पटेलांना विचारलं.

“म्हारो कईं हे, आखिर में लगई लूंगा,” पटेल आभाळाकडे बघत म्हणाले.

आत एक तरुण डॉक्टर लसींची पेटी उघडून रिकामी बसली होती. दौलतराव गठ्ठा छातीशी धरून आत आले, तशी ती चकित होऊन उभी राहिली. आडनाव ऐकलं आणि एकदम मराठीत बोलू लागली. तिचं नाव पूर्वा, नाशिककडची, नोकरीसाठी इकडे आलेली.

“लस घ्यायला आलात ना?”

“कसली लस? मी टीक्यासाठी आलो होतो. म्हणजे या टीक्यासाठी नाही, त्या टीक्यासाठी!”

सगळा घोटाळा ऐकून पूर्वा इतकी हसली की तिला मास्क सावरावा लागला. “काका, माझंही तेच झालंय. आईला फोनवर सांगते, ‘आज अमुक गावात टीका आहे.’ ती म्हणते, ‘अगं, लोकांना नावं ठेवायला पगार देतात का?’”

दौलतराव हसले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात आता गर्दी झाली होती, पण त्यातल्या कुणाला भराभर बोललेलं मराठी कळणार नव्हतं. सबंध देपालपूर तहसिलीत या एका मुलीशीच ते चारचौघांत, मोठ्यानं आणि कुणाला न कळता खरं बोलू शकत होते. आणि ते बोलले.

“पोरी, मला सुईची भीती वाटते. फार वाटते. आणि मी नाही घेतली तर माझी बायको घेणार नाही, तिला दमा आहे. तिला काही झालं, तर मी जगायचं कसं?”

पूर्वाचं हसू थांबलं. “मलाही वाटते,” ती म्हणाली. “दुसऱ्याला देताना बघते, स्वतः घेताना भिंतीकडे बघत होते.” मग तिनं गठ्ठ्याकडे बोट केलं. “हे बांधताना तुमचं लक्ष कुठे असतं?”

“बांधताना? बांधताना लक्ष डोक्यावर. दुसरं काही दिसत नाही.”

“मग कुणाचं तरी डोकं घ्या ना.”

दौलतरावांनी डोकं शोधलं आणि ते पटेलांचंच सापडलं. पटेलांना खुर्चीत बसवलं. अंगरख्याची डावी बाही वर केली, केशरी लहरिया सोडला, डावा तळवा पटेलांच्या टाळूवर ठेवला आणि सवयीनं म्हणाले, “अब सिर मेरा, गर्दन आपकी.” कापड फिरू लागलं. पहिला पेच तिरका, दुसरा त्यावर अर्धा. दीड वर्षानं हाताला डोकं लागलं होतं. पटेलांचं डोकं मागे जरा चपटं होतं, तिथे पेच सैल पडू नये म्हणून दौलतराव वाकले, मान कलती करून कानाजवळचा पेच ओढून घेतला, तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला.

“झालं,” पूर्वा म्हणाली.

“अजून कुठे? तुऱ्याला चुण्या—”

“तुमचं झालं, काका.”

त्यांनी दंडाकडे पाहिलं. तिथे कापसाचा बोळा चिकटवलेला होता. दौलतराव बघतच राहिले. इतकी वर्षं ज्या राक्षसाला भ्यालो तो येऊन गेला, आणि आपण त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही! त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की दारातल्या लोकांना वाटलं ते रडताहेत. ते हसत होते.

आता पटेल साफा बांधून खुर्चीत, आणि समोर डॉक्टर. ते उठायला गेले तशी त्यांची काकी धापूबाई, गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात फटकळ बाई, दारातूनच कडाडली, “साफो बांध्यो हे तो टीको बी लगई ले! नी तो उतार साफो!”

भर गावासमोर डोक्यावरचा साफा उतरवायचा? माळव्यातला पटेल एक वेळ जमीन सोडेल. भेरूसिंगांनी डोळे मिटून दंड पुढे केला. गावानं शिट्ट्या मारल्या. धापूबाई पुढे आल्या आणि खुर्चीत बसल्या.

“म्हारे बी.”

“टीका की साफा?” दौलतरावांनी विचारलं.

“दोई!”

मग काय विचारता! बाईच्या डोक्यावर गुलाबी साफा चढलेला बघून कडुनिंबाखालची माणसं उठली. ज्यांना पेरणीची काळजी होती त्यांनी आपसांत ठरवून टाकलं, की अर्धे आज घेतील आणि अर्धे पेरणी आटपल्यावर. जे कुणालाच मानत नव्हते ते रंग निवडण्यावरून भांडू लागले. सरकारी फलकाला जे जमलं नाही ते का जमलं, यावर शहाण्यांनी खुशाल विचार करावा. मला वाटतं, माणसाला नुसता जीव वाचवायचा नसतो, जरा मिरवायचंही असतं. दुपार कलली तेव्हा गठ्ठे संपले होते, पूर्वाच्या पेटीत थोडंच उरलं होतं, आणि गावात जिकडेतिकडे तुरे डुलत होते. साफे परत मागावेत असं दौलतरावांच्या मनातही आलं नाही.

जड झालेला हात हँडलवर टेकवून ते इंदुरात शिरले. मल्हारगंजाच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत आले. इंदिराबाई दारात आल्या.

“लावला!” दौलतरावांनी बाही वर करून दाखवली. “इंदू, टीका लावला! आता उद्या सकाळी तुझा!”

इंदिराबाई आत वळल्या. त्यांनी पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, “दुखलं का?”

“बिलकुल नाही.”

त्या आत गेल्या, चहा ठेवला, आणि आतूनच विचारलं, “तरी किती? मुंगी चावल्यासारखं की गांधीलमाशी?”

“अगं, कळलंसुद्धा नाही.”

चहा आला. त्यात साखर नव्हती. कप ठेवता ठेवता इंदिराबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, “सुई केवढी होती हो?”

दौलतरावांनी कप खाली ठेवला. असं विचारणारा माणूस दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करत नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

“इंदू, तू भितेस?”

“मी कशाला भिऊ?” त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. “आपली सोनल झाली तेव्हा दवाखान्यात तीन नर्सांनी मला धरलं होतं. तुम्ही बाहेर होतात, तुम्हाला कोण सांगणार?”

“मग ओट्यावर जे बोललीस ते? दोघांचं सोबत वगैरे?”

इंदिराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मला वाटलं होतं, तुम्ही काही मरेपर्यंत घ्यायचे नाहीत. सासऱ्यांनी मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं, छत्र्यांमधलं.”

दौलतराव आ वासून बघत राहिले. म्हणजे ते खानदानाच्या मागे लपले होते, आणि बायको त्यांच्या मागे! दोघं एकाच खांबामागे एकमेकांना न दिसता उभे होते. आधी त्यांना राग आला, मग हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात धरला. “इंदू, त्या एप्रिलच्या दुपारी मी तुझे श्वास मोजले आहेत. पुन्हा नाही मोजवणार माझ्याच्यानं. चल माझ्यासाठी.”

“उद्या नको. परवा?”

“उद्याच.”

सकाळी गल्ली उठायच्या आत दौलतरावांनी त्यांना स्कूटरवर बसवलं. जिलबीच्या दुकानापाशी इंदिराबाईंनी दोनदा पाठीवर टकटक केली, पण ते थांबले नाहीत. केंद्रावर खुर्चीत बसल्यावर इंदिराबाईंनी डोळे गच्च मिटले, दौलतरावांचा हात असा आवळला की अंगठी रुतली, आणि देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी नवऱ्याचंच नाव घेत राहिल्या. आयुष्यात त्यांनी ते उखाण्यातसुद्धा लाजत घेतलं होतं.

“हो गया, आंटीजी,” नर्स म्हणाली.

इंदिराबाईंनी एक डोळा उघडला. दंड पाहिला, नर्स पाहिली, मग नवऱ्याकडे वळल्या.

“झालं? एवढंच?” त्यांचा आवाज चढला. “एवढ्याशासाठी तुम्ही मला चार महिने घाबरवून ठेवलंत?”

“मी?”

“नाही तर कोण! रोज उठून डोस खतम, डोस खतम!”

बाहेरच्या खोलीत अर्धा तास बसायचं होतं. तेवढा वेळ इंदिराबाई बोलतच होत्या. नवरा, त्याचं खानदान, जांभळी कोथिंबीर, कशालाही त्यांनी सोडलं नाही. शेजारची माणसं दौलतरावांकडे दयेनं बघू लागली. दौलतराव खुर्चीला टेकून, डोळे अर्धे मिटून ऐकत होते. वाक्यामागून वाक्य येत होतं, लांबलचक, दमदार, आणि बोलताना तिला कुठेही थांबून श्वास घ्यावा लागत नव्हता.